परदेशात गेल्यावर बाजार कुठले बघितले? (मोंढेवाल्याचा धागा)

मोंढेकरी (लातूर)

राम राम मंडळी. हा धागा लई दिवसांपासून काढायचा होता. आमचं घर आडतीतलं, आजोबांपासून लातूरच्या मोंढ्यात (धान्याच्या घाऊक बाजारात) दुकान, त्यामुळं कुठंबी गेलं की मला आधी तिथला बाजार बघायचा असतो. बाकीचे टॉवर बघायलेत, राजवाडे बघायलेत, आणि आपलं डोकं इकडंच की इथं तोलाई कोण घेतंय, हमाल कुठल्या गावचे असतील, भाव कोण फोडतंय आणि माल उरला तर संध्याकाळी त्याचं काय करतात.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात आईला घेऊन इस्तंबूलला चाललोय, विमान ताश्कंदवरून आहे म्हणून तिथंबी थोडं थांबणार. आई शाकाहारी, एकादशी धरणारी, आणि माळवं घेताना दोडक्याला नख लावून बघितल्याशिवाय पिशवी उघडत नाही. म्युझियममध्ये तिचे पाय दुखतात, बाजारात दुखत नाहीत. तर ज्यांनी ज्यांनी जगातले बाजार बघितलेत त्यांनी नीट सांगा, कधी जायचं, काय खायचं, कुठं फसवतात. यूट्यूबवरचे टॉप टेन नकोत, त्यात तेच तेच बाजार फिरवून फिरवून दाखवायलेत.

गुलमंडीवाली (संभाजीनगर)

ताश्कंदला चाललाय तर चोरसू बाजार सोडू नका. मेट्रोचं स्टेशनच आहे चोरसू नावाचं, बाहेर आलं की समोर मोठ्ठा निळा घुमट, सोव्हिएत काळात बांधलेला. पण आईंना घेऊन घुमटात एकदम शिरू नका हं, खाली सगळा मांसाचा बाजार आहे, घोड्याच्या मांसाचे सॉसेजसुद्धा टांगलेले असतात, तिथूनच त्या परत फिरतील. जिना चढून थेट वरच्या गॅलरीत न्या. तिथं गोल फिरत मनुके, जर्दाळू, बदाम, अक्रोड, आणि बायका बसल्यात म्हणून घासाघीस करायला बरं वाटतं. चव बघायला देतात, मूठभर देतात, लाजू नका.

माळवं सगळं घुमटाच्या बाहेर पत्र्याखाली. मे मध्ये चेरी, स्ट्रॉबेरी, तुती मिळेल. खरबूज मागू नका, त्यांचं खरं खरबूज उन्हाळा सरता सरता येतं, आधी येतं ते आपल्यासारखंच गोडी नसलेलं.

आणि नान! मागच्या बाजूला भट्ट्या आहेत तिथं उभं राहून बघा. भट्टीच्या आतल्या भिंतीला कसं चिकटवतात, मधे ठशानं टोचून नक्षी काढतात. आम्ही शहागंज-बुढ्ढीलेनची नान खाऊन वाढलेलो, आमची ती पिवळी, हळदीचं पाणी फिरवलेली, खलियाबरोबर (मटणाच्या रश्श्याबरोबर). आमच्याकडं म्हणतात की ही नान तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आली, खरं खोटं इतिहासवाल्यांना माहीत, पण ताश्कंदच्या भट्टीसमोर उभं राहिल्यावर त्यावर विश्वास बसतो एवढं नक्की. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथं नान पालथी ठेवत नाहीत, अपमान समजतात. दुकानदार बाईनं माझ्या हातातली सरळ करून दिली होती.

अजून एक, गाजराची आंबट-तिखट कोशिंबीर ढिगानं दिसेल. ती कोरियन लोकांची. १९३७ मध्ये स्टालिननं रशियाच्या पूर्व टोकावरच्या कोरियन लोकांना उचलून उझबेकिस्तान-कझाकस्तानात आणून टाकलं, त्यांना कोबीची किमची करायला कोबी मिळेना म्हणून गाजरावर भागवलं, आणि आता ते उझबेक जेवणाचाच भाग झालंय. आईंना चालेल, फक्त लसूण असतो.

देवगिरी_एक्सप्रेस

इस्तंबूलचं मी सांगतो. सगळे तुम्हाला मसाल्यांचा मिसर बाजार दाखवतील, एमिनोन्यूला, गलाता पुलाच्या तोंडाशी. सोळाशे साठच्या दशकात पुरा झाला, शेजारच्या यनी मशिदीचा खर्च या दुकानांच्या भाड्यातून चालायचा. बघायला जरूर जा, वास, कमानी, दिवे सगळं मस्त. पण खरेदी आत करू नका. आत सगळे तुम्हाला "नमस्ते, शाहरुख खान" म्हणून हाक मारणार, चहा पाजणार आणि मग भाव सांगणार. बाहेर पडून पश्चिमेच्या गल्ल्यांत घुसा, तिथं इस्तंबूलचे लोक स्वतः चीज, ऑलिव्ह, सुकी मिरची घ्यायलेत. कोपऱ्यावर १८७१ पासूनचं कॉफीचं दुकान आहे, रांग लागलेली असते, वासावरूनच सापडतं.

आता खास मराठवाड्यातल्या माणसासाठी. आत "टर्किश केशर" म्हणून ढीगच्या ढीग लावलेला असतो, किंमत इतकी कमी की आपल्याला वाटतं चला पाव किलो घेऊ. अहो ती करडईची फुलं आहेत! आपली करडई, बांधावर काटे टोचतात ती. रंग येतो, वास नाही, चव नाही. परभणीच्या विद्यापीठानं "परभणी कुसुम" वाण काढला त्याच घराण्यातलं पीक. पुण्या-मुंबईचे पाहुणे हौसेनं डब्या भरून आणतात आणि पेढ्यात घालतात, आपण तरी फसू नये. खरं केशर हवंच असेल तर इराणचं म्हणून सीलबंद मिळतं, महाग असतं, आणि महाग असलंच पाहिजे.

मोंढेकरी, तुम्हाला खरा बाजार बघायचा असेल तर बुधवारी फातिह भागात चारशंबा बाजार भरतो. म्हणजे बुधवारचा बाजारच. रस्तेच्या रस्ते बंद करून वर ताडपत्र्या बांधतात, आपला आठवडी बाजार असतो तस्सा, भाजी, चीज, परकर, बादल्या, सगळं एका ओळीत. पर्यटक जवळजवळ नसतात. आईंना तिथं सोडा, भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही.

खायचं म्हणाल तर गोझलेमे, पालक-चीज भरलेली पातळ पोळी, बायका समोर लाटून तव्यावर भाजतात. सिमित, म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, कुठंही. डाळीचं सूप दिसतं शाकाहारी पण कधी कधी हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, आधी विचारा.

कोरडवाहू (औसा)

सगळं वाचलं. चांगलं लिहायलाव तुम्ही लोक. पण मला एक कळंना. आपण बाजारात जातो, फोटो काढतो, वास घेतो, चव घेतो. भाव विचारणारे विचारतात तेबी स्वतःला घ्यायचं म्हणून. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती पडलं हे विचारणारा माणूस मला एकबी भेटला नाही. आमच्या इथं पोटलीत (लिलावाच्या वेळी) निघालेला भाव आणि पट्टीवर (हिशेबाच्या कागदावर) आलेला भाव यातच किती फरक. मोंढेकरी तुम्ही आडतीवाले, तुम्हाला राग येऊ देऊ नका, पण धागा तुम्हीच काढलाय.

मोंढेकरी

राग कशाचा काका. विचारा ना. आमचे आजोबाच म्हणायचे की आडत्याच्या गादीवर बसून सगळ्यात आधी शेतकऱ्याचं तोंड बघावं, मग पोतं. ते सगळ्यांनी पाळलं असं मी म्हणत नाही.

पैठणकर_सिएटल

कोरडवाहू काका, तुमच्या प्रश्नावरच एक अख्खा बाजार उभा आहे, मी त्याच्यापासून बसच्या अंतरावर राहतो. सिएटलचं पाइक प्लेस मार्केट. लोक तिथं मासे हवेत फेकतात ते बघायला येतात, पण ते सुरू कशामुळं झालं माहितीये? कांद्यामुळं! १९०६ ते १९०७ या वर्षात शहरात कांद्याचा भाव दहापट झाला. शेतकऱ्याला तेच जुने पैसे, आणि शहरातली बाई चढ्या भावानं घ्यायली, मधला सगळा पैसा घाऊक अडत्यांकडं. लोक इतके पेटले की थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकानं ठराव आणला की शेतकऱ्यांनी गाड्या घेऊन यावं आणि रस्त्यावरच थेट विकावं. १७ ऑगस्ट १९०७, पहिल्या दिवशी आठ-दहाच गाड्या आल्या आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या रिकाम्या.

अजूनही शेतकऱ्यांसाठी वेगळे ओटे राखून आहेत, स्वतः पिकवलंय तेच तिथं विकायचं, दुसऱ्याकडून आणून विकलेलं चालत नाही. साठच्या दशकात हे सगळं पाडून हॉटेलं-ऑफिसं उभी करायचं घाटत होतं, १९७१ मध्ये शहरानं मतदान घेऊन ते वाचवलं.

पण खरं सांगायचं तर आजचं चित्र वेगळंय. रोजची भाजी घ्यायला मी तिथं जात नाही, परवडत नाही. जहाजातून उतरलेले पर्यटक फुलं आणि मध घेतात, शेतकऱ्याला पैसे मिळतात हे खरं, पण कांद्यासाठी भांडलेल्या शहराचा कांदा आता सुपरमार्केटमधूनच येतो.

मानवत_ते_टोकियो

लिलावाचा विषय निघाला म्हणून लिहितो. तोयोसू बाजार, टोकियो. आधी हा बाजार त्सुकिजीला होता, ऑक्टोबर २०१८ मध्ये हलवला. त्सुकिजीला आता बाहेरची दुकानं आणि खाण्याच्या टपऱ्या उरल्यात, गर्दी अजूनही तिथंच. तोयोसूला पहाटे साडेपाचच्या सुमारास टुना माशाचा लिलाव. जवळून बघायचा तर आधी अर्ज करून सोडतीत नंबर लागावा लागतो, नाहीतर वरच्या गॅलरीत काचेमागून दिसतो. २०१९ च्या नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. एक मासा! तो जाहिरातीसाठी दिलेला भाव असतो, दुसऱ्या दिवशी कुणी तसा देत नाही.

बघण्यासारखं काय, तर खरेदीदार तोंडानं भाव बोलत नाहीत, बोटांच्या खुणा करतात, झपाझप, आणि लिलाववाला सुरात ओरडत असतो. मला तर थेट माळेगावची जत्रा आठवली. बैलाच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून सौदा करायचे ना, शेजारच्याला पत्ता लागू नये म्हणून. जपानी लोक बोटं उघड्यावर दाखवतात एवढाच फरक.

आईंना घेऊन जपानला जाणार असाल तर शाकाहाराचं अवघड प्रकरण आहे. भाजीचं सूप, अंड्याची वडी, नुसत्या उकडलेल्या पालकावरसुद्धा सुक्या माशाचा काढा. वाळल्या माशाचा तो तुकडा लाकडासारखा कडक असतो आणि त्याचा कीस पाडून घालतात. दिसत नाही, सगळीकडं असतो.

नांदेडची_सून

जपानपेक्षा बँकॉक बरं म्हणते मी! तिथंही फिश सॉस सगळीकडं आहे पण पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर लिहिलेला गाडा दिसला की डोळे झाकून खा. ते त्यांचं उपवासाचं जेवण, मांस नाही मासे नाहीत अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. वर्षातून एकदा, साधारण ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवसांचा उत्सवच असतो, तेव्हा रस्तेच्या रस्ते पिवळे. आमच्या सासूबाई चातुर्मासात गेल्या होत्या आणि घरच्यापेक्षा निवांत जेवल्या.

बाजारात ओर तोर कोर बघा, भुयारी रेल्वेच्या कांफेंग फेत स्टेशनातून वर आलं की समोर. थायलंडच्या शेती खात्याच्या अखत्यारीतली संस्था चालवते, स्वच्छ, फळं निवडून मांडलेली, आणि महाग. थाई लोक देवाला आणि साहेबाला द्यायची फळं तिथून घेतात. रोजची गर्दी बघायची तर खलोंग तोएई, तिथं मात्र पायात चांगल्या चपला घाला, चिखल, बर्फ, बेडूक सगळं एकत्र. रात्री झोप येत नसेल तर पाक खलोंग तलातचा फुलबाजार, चोवीस तास चालू. झेंडूचे डोंगर बघून मला दसऱ्याच्या आदल्या रात्रीचा मोंढा आठवला.

आणि मंडळी एक महत्त्वाचं, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दुबई किंवा सिंगापूरला जाताना बॅगेत खसखस नेऊ नका! आपण अनारसे, मसाला म्हणून सहज पुडी टाकतो. दोन्हीकडं बंदी आहे, अंमली पदार्थाच्या कायद्यात जाते. गुटखा, तंबाखूची पुडी सुद्धा सिंगापूरला चालत नाही, घरातल्या पुरुषांचे खिसे विमानतळाच्या आधीच तपासा. सिंगापूरच्या हॉकर सेंटरला (खाण्याच्या दुकानांचे मोठे मांडव) २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलं ते ठीक, पण तिथं जेवल्यावर ताट स्वतः उचलून ठेवावं लागतं, २०२१ पासून नाही ठेवलं तर दंड. आमच्या नवरोबांना ही सवय तिथं लागली आणि नांदेडला उतरल्याबरोबर सुटली.

कोरडवाहू

ताई खसखशीचं चांगलं सांगितलं. आता माझं दुसरं विचारणं. बाहेरच्या देशातली तूर इथं येते, आणि ती आली की आमचा भाव बसतो. ब्रह्मदेश, आफ्रिका असं पेपरात वाचतो. ती तूर कुणी बघितलीय का बाजारात? कशी असते? तिथलं माणूस खातंय तरी का ती?

दारेसलामकर

काका, मी बघितलीय. मूळचा नांदेडचा, टांझानियात नोकरीला आहे. इथं तुरीला म्बाझी म्हणतात. दारेसलामच्या करियाकू बाजारात पोत्यांच्या कडा दुमडून मांडून ठेवलेली असते, दाणा आपल्यापेक्षा बारीक-मोठा मिसळ, पांढरट-तपकिरी. (करियाकूची मुख्य इमारत २०२१ च्या जुलैत जळाली होती, पण बाजार तिच्या भोवतीच्या गल्ल्यांतच जास्त पसरलाय.)

खातात का, तर किनाऱ्यावरचे लोक आवडीनं खातात. अख्खी तूर उकडून नारळाच्या दुधात शिजवतात, आणि सकाळी न्याहारीला मंडाझी नावाच्या तळलेल्या गोड पुरीबरोबर. तिखट नाही. मी वरून आपलं काळं तिखट टाकून खातो, गाडेवाली माझ्याकडं बघून हसते. पण सगळी पिकते ती खाण्यासाठी नाही. लिंडी, म्तवारा, बाबाती इकडं जी तूर लावतात ती भारतासाठीच. त्यांची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात, आपली डिसेंबर-जानेवारीनंतर, म्हणजे आपल्याकडं माल संपत आला की यांची बोट सुटते.

आता ऐका. २०१५ मध्ये आपल्याकडं तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती, आठवतंय ना. मग सरकारनं इकडच्या देशांना सांगितलं की लावा, आम्ही घेतो. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला, आयात वाढवत वाढवत दोन लाख टनांपर्यंत न्यायची. इकडच्या शेतकऱ्यांनी लावली. त्याच हंगामात तुम्हीबी लावली, पाऊस चांगला झाला, तूर मावंना. क्विंटलला ५०५० चा हमीभाव असून मोंढ्यात कमीनं विकली, खरेदी केंद्रावर लोक पोत्यांवर झोपले. आणि मग ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. इकडं तेव्हा नुकतीच काढणी झालेली. भाव असा कोसळला की शेतकऱ्यांनी माल घरातच ठेवला, काहींनी जनावरांना घातला. बाबातीकडचा एक म्हातारा बाजारात मला भारतीय बघून म्हणाला होता, तुमच्या सरकारनं आम्हाला लावायला सांगितली आणि दार लावून घेतलं. मी त्याला म्हणलं, आमच्या गावात लोक म्हणतात की तुमच्या तुरीमुळं आमचा भाव पडला. तो हसायलाच लागला. मग त्यानं मला मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले आणि आम्ही बसलो तिथंच.

कोरडवाहू

त्या साली माझी तूर केंद्राच्या दारात पडून होती. ट्रॅक्टरचं भाडं रोजचं चालू. मी त्या आफ्रिकेच्या तुरीला किती शिव्या दिल्या असतील त्याला गणतीच नाही. तिकडं कुणी मला देत असंल हे डोक्यात आलं नाही कधी.

मोंढेकरी

माझ्या धाग्यात मलाच बोलायला काही ठेवलं नाही तुम्ही. दारेसलामकर, तुमचा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. ते त्या साली डाळमिलवाल्यांचे फोन घेत होते. ऐकून म्हणाले, आपण लातूरला बसून जगाचा भाव ठरतो असं समजत होतो.

गुलमंडीवाली

विषय जड झाला, मी जरा भांडण काढते. देवगिरी_एक्सप्रेस, तुम्ही मिसर बाजारात आत खरेदी करू नका म्हणालात ते ठीक, पण प्रसिद्ध बाजार म्हणजे फसवाफसवी हे मला पटत नाही. बार्सिलोनाची बोकेरिया मंडई घ्या. सगळे नाक मुरडतात, नुसते ज्यूसचे ग्लास आणि सेल्फी, खरं आहे, महापालिकेला मोठ्या टूर ग्रुपना गर्दीच्या वेळी बंदी घालावी लागली. पण मी सकाळी आठला गेले होते, तेव्हा म्हाताऱ्या बायका ट्रॉली ओढत मासे घ्यायल्या आणि विक्रेती त्यांच्याशी नातवाबद्दल बोलायली. दहानंतर तोच बाजार ओळखू येत नाही. रविवारी बंद असते, हेही लक्षात ठेवा, माझ्या मैत्रिणीनं सगळा प्लॅन रविवारचा केला होता.

देवगिरी_एक्सप्रेस

हा मान्य. वेळ सांभाळली तर मिसर बाजारही सकाळी उघडताना बरा. पण सकाळी आठला उठून सुट्टीत बाजारात जाणारे लोक या धाग्याबाहेर किती सापडतील?

नांदेडची_सून

परदेशच कशाला, मणिपूरमधल्या इंफाळचा इमा कैथेल बाजार बघा. हजारो बायका विक्रेत्या, पुरुष दुकानदार नाहीच, पुरुष आले तर गिऱ्हाईक म्हणून किंवा पोतं वाहायला. १९३९ मध्ये भाताचा तुटवडा असताना तांदूळ बाहेर पाठवायलेत म्हणून या बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, नुपी लान म्हणतात त्याला, मणिपूरच्या इतिहासात मोठं नाव आहे. कोरडवाहू काका, तुमच्या प्रश्नाला तिथं बायकांनी लाटणं घेऊन नाही, पण जवळजवळ तसंच उत्तर दिलंय.

मोंढेकरी

आईला सगळं वाचून दाखवलं. तिचा निकाल असा. ताश्कंदला वरची गॅलरी मंजूर. इस्तंबूलला बुधवारचा बाजार मंजूर, मिसर बाजार बाहेरून. केशर घेणार नाही, पण करडईची फुलं तिथं काय भावानं विकतात ते विचारणार, कारण माहेरी अजून करडई लावतात. आणि दोडका तिथं मिळतो का असं विचारायलीय, कुणाला माहीत असेल तर सांगा.

देवगिरी_एक्सप्रेस

दोडका मला दिसला नाही. पण वाळवलेली वांगी आणि मिरच्या माळा करून टांगलेल्या असतात, भरून करतात ती, आईंना बघू द्या. हवाबंद पाकीट घ्या, सुटी माळ बॅगेत चुरते.

कोरडवाहू

फुलांचा भाव कळला की इथंच टाका. किलोचा, तोळ्याचा नको.